अर्ज मागे घेत नाहीये, दादा

आमच्या विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचारी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरला, हे गेल्या आठवड्यात इथे लिहिलं होतं. त्यावर ‘एक सभासद’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात तिचं म्हणणं असं: इतकी वर्षं निवडणूक बिनविरोध होत आली, मी ती लादून एकजूट मोडते आहे. २०२३ च्या आंदोलनात मी बहिष्कार मोडून काम केलं, म्हणून मला नैतिक अधिकार नाही. कंत्राटी मुलांना सभासद करून घ्यायचा विषय आणून मी विद्यापीठाचा कारखाना करू पाहते आहे. आणि बाईमाणसाला मंत्रालयाचे हेलपाटे झेपतील का?

नाव दिलेलं नाही, पण लिहिण्यावरून ज्येष्ठ वाटता, म्हणून दादा म्हणते.

आधी जे खरं आहे ते. २ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक मुलगा परीक्षा विभागाच्या खिडकीशी आला. नोकरीच्या ठिकाणी कागदपत्र पडताळणी होती, दुय्यम गुणपत्रक हवं होतं. खिडकीची फळी अर्धी खाली होती, तो वाकून बोलत होता. मी प्रिंट काढून दिली. तुम्ही पाहिलं असेल किंवा कोणी सांगितलं असेल. माझी चूकच होती. मुलाला मदत केल्याचं काही वाटत नाही, पण कृती समितीला विचारून तेच काम करता आलं असतं आणि मी विचारलं नाही. २० तारखेला बेमुदत संप सुरू झाला तेव्हापासून मात्र मी रोज गेटवर होते. तुम्हीही असाल, तर सतरंज्या कोण घालत होतं ते आठवत असेल.

आता बिनविरोधचं बघू. आपल्याकडे बिनविरोध कसं होतं? कोणाच्या तरी केबिनमध्ये चहा होतो, ‘या वेळी तुम्ही थांबा, पुढच्या वेळी बघू’ असं ठरतं आणि सूचना फलकावर यादी लागते. याला एकजूट म्हणत असाल तर म्हणा. आपली संघटना १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली नोंदली गेली (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे). त्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. तीन वर्षांनी सभासदांना विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ. विचारल्यावर ते जुन्यांनाच निवडून देतील, तर सगळ्यात आधी मीच हार घालायला जाईन. विद्यमान अध्यक्षांशी माझं भांडण नाही. सातव्या वेतन आयोगाच्या फरकासाठी त्यांनी किती निवेदनं दिली ते मला माहीत आहे, त्यातली काही मीच टाइप केली आहेत.

‘विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे’ हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली विद्यापीठालाही ‘उद्योग’ ठरवलं. पुढे १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत, असा निकाल आला. आपण शिक्षक नाही, दादा. आपण कारकून, शिपाई, प्रयोगशाळा परिचर. कामगार म्हटल्यावर इतकं अवघडायला काय झालं?

आणि कंत्राटी. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी आहे. निकालातल्या त्रुटींची सगळी फाइल तिच्याकडे. तिच्या ओळखपत्रावर विद्यापीठाचं नाव बारीक अक्षरात आणि एजन्सीचं मोठ्या अक्षरात. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवसाचा खंड देतात आणि त्या दिवशी माझं अर्धं काम अडतं, कारण कुठला पुरवणी निकाल कुठे थांबलाय हे तिलाच पाठ. ही मुलगी बसते ती खुर्ची कोणाची? एक बाई निवृत्त झाल्या, पद भरलंच नाही, त्या खुर्चीवर ही आली. आपण दर निवेदनात ‘रिक्त पदे तातडीने भरा’ लिहितो आणि त्या पदावर आज जो माणूस घाम गाळतोय त्याला संघटनेच्या सभेला बोलावत नाही. संपात आपण गेटवर बसलो तेव्हा आत कॉम्प्युटर कोणी चालू ठेवले, हेही एकदा आठवून बघा. त्या मुलांना दोष देत नाही. त्यांना आपण कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणता, कायद्याने त्यांना सभासद करताच येत नाही. कायदा तसं म्हणत नाही. १९२६ च्या कायद्यातली कामगाराची व्याख्याही, माणूस थेट त्या मालकाच्या नोकरीत असो वा नसो, त्याला सामावून घेत होती. ‘कायम सेवेतील कर्मचारी’ ही अट आपल्याच संघटनेच्या घटनेतली आहे आणि ती बदलायला आमसभा पुरते. तुमची भीती मला कळते. कंत्राटींची बाजू घेतली तर प्रशासन आपल्या आश्वासित प्रगती योजनेची (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) फाइल आणखी खाली सारेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला उलट वाटतं. दरवर्षी निवृत्तीचे निरोप समारंभ होतात, नवीन कायम माणूस येत नाही. अजून दहा वर्षांनी आपल्या मोर्चात किती जण उरतील?

बाईमाणसाच्या मुद्द्यावर एकच. निकालाच्या दिवसांत रात्री साडेदहापर्यंत मी परीक्षा भवनात असते, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही.

राहिला हिशेब. ‘वर्गणीबद्दल संशय पेरताय’ असं तुम्ही लिहिलंत. मी कोणी खाल्लं असं कुठेही म्हटलेलं नाही. सभासदाला हिशेबाच्या वह्या बघता येतील अशी सोय घटनेत ठेवणं संघटनेला बंधनकारक आहे, म्हणून तसा अर्ज तयार केलाय. पगारातून दरमहा कापली जाते ती वर्गणी तुमचीही आहे. कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवलाय, तुमच्या सहीला खाली जागा सोडली आहे. फक्त तिथे ‘एक सभासद’ लिहून चालणार नाही.