मागच्या दाराचा हिशोब

आमच्या भागातल्या दुकानदार मंडळींचा फोन आला होता. पर्यावरण दिनाला टेकडीवर झाडं लावायची आहेत, दुकानामागे अमुक वर्गणी, टी-शर्ट मिळेल. वर्गणी दिली (नाही म्हणायला मला जमत नाही, जुनं दुखणं आहे), पण जाणार नाही. गेल्या वर्षी लावलेली झाडं मी टेकडीवर फिरायला जाते तेव्हा शोधत असते. आळी दिसतात, झाडं दिसत नाहीत.

"धंदेवाल्यांनी शहराच्या पर्यावरणासाठी काहीतरी करायला हवं," असं सगळेच म्हणतात. ते 'काहीतरी' नेहमी दुकानापासून लांब कुठेतरी का असतं, हे मला कळत नाही. टेकडीवर, नदीकाठी, कुठल्यातरी शाळेच्या भिंतीवर. आपल्या दुकानाच्या मागच्या दारातून रोज काय बाहेर पडतं, ते कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते.

माझं पुण्यात कोथरूडला पोळीभाजी केंद्र आहे. इनमिन दहा बाय बाराची जागा. सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई ढकलगाडी घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी एकदा त्या सरळच म्हणाल्या, "ताई, पोळ्या झकास असतात तुमच्या, पण तुमची पिशवी उघडली की जेवणावरची वासना जाते." आमटी, भाताची खरकटी, देठं, सिल्व्हर पाऊच, फुटके कंटेनर, सगळं एकाच काळ्या पिशवीत. ते हाताने निवडायचं त्यांनी. महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात तेवढीच त्यांची कमाई नसते. सुक्यातलं जे भंगारात विकलं जातं, त्यावरही घर चालतं. आमटीने बरबटलेल्या कंटेनरला भंगारवाला विचारत नाही. म्हणजे माझ्या आळसाचे पैसे रोज त्यांच्या खिशातून जात होते. हे इतकं सरळ गणित मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

या बायकांचा इतिहास पुणेकरांना पुरेसा माहीत नाही. 1993 मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. 2013 च्या महिला दिनाच्या सुमारास त्यांनी वापरलेली सॅनिटरी नॅपकिन्स पिशव्यांत भरली आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत पाठवून दिली. तुमचा माल, तुम्हीच सांगा याचं काय करायचं. काहींना तो प्रकार किळसवाणा वाटला असणार. पण तीच किळस या बायका रोज उघड्या हाताने सोसत होत्या. 2016 च्या घनकचरा नियमांत मग या कंपन्यांनी नॅपकिनसोबत गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं कलम आलं. ते किती पाळलं जातं, हे तुमच्या घरचं पाकीट उघडून बघा.

त्याच नियमांत दिवसाला सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा कचरा उत्पादक म्हटलं होतं. मोठी हॉटेलं, मोठ्या सोसायट्या यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. मी आठवडाभर वजनकाट्यावर बादली ठेवली. कधी अठरा किलो, कधी बावीस. म्हणजे सुटले! पण माझ्यासारखी अशी सुटलेली केंद्रं, वडापावच्या गाड्या, रसवंत्या, चहावाले एका कोथरूडात किती असतील? आम्ही सुटलो म्हणजे कचरा सुटला असं थोडंच आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डोंगरावर गेला, तिथल्या विहिरी नासल्या आणि शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला नाक असल्याचं आठवलं. त्या ढिगात आमचेही अठरा किलो होतेच.

वजन करायला लागल्यावर मात्र गंमत झाली. काहीही न करता कचरा कमी झाला. रात्री किती भात टाकावा लागतोय हे आकड्यात दिसलं, तसा दुसरा कुकर उशिरा लावायला लागलो. त्यात पर्यावरण वगैरे काही नाही, तांदळाचे पैसे वाचले.

दुसरं, महिन्याच्या गिऱ्हाइकांना स्टीलचे डबे सुरू केले, डिपॉझिट घेऊन. मुंबईत 1890 पासून डबे जातात आणि परत येतात, म्हटलं इथे का येऊ नयेत? तर नाही आले! पहिल्या दोन महिन्यांत बरेच गायब झाले. धुवायला एक बाई वाढवावी लागली, पाणी लागतं ते वेगळंच. तरी पाच-सहा महिन्यांनी घडी बसली. ॲपवरून येणाऱ्या ऑर्डरी मात्र अजून प्लास्टिकच्या कंटेनरमध्येच जातात, हे लपवत नाही. तिथे माझ्या हातात फार नाही, ॲपवाल्यांच्या हातात आहे. झोमॅटोने 2021 मध्ये चमचे-काटे 'नको' हा पर्याय आधीच निवडून ठेवला, हवे असतील तर गिऱ्हाइकाने मागायचे. फक्त एक टिक उलटी केली. मी आयुष्यभर झाडं लावली तरी तेवढा कचरा वाचवू शकणार नाही.

मधे एक विक्रेता 'विघटनशील' वाट्या घेऊन आला होता. विचारलं, विघटन कुठे होतं? म्हणाला, मॅडम, आपोआप. तसल्या बऱ्याचशा मालाला कंपोस्टच्या मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. उकिरड्यावर तो बाकी प्लास्टिकसारखाच पडून राहतो. चहा पाजून पाठवला त्याला.

इंदूरचं उदाहरण सगळेच देतात. दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून सीएनजी बनवणारा प्रकल्प तिथे 2022 मध्ये सुरू झाला, त्या गॅसवर बस धावतात. पण तो चालतो कारण तिथे ओलं वेगळं येतं. आमच्या काळ्या पिशवीवर कुठलंच यंत्र चालणार नाही. आणि इतकं मोठं काही लागतंच असं नाही. आपल्या पुण्यातल्याच 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वेंनी शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलं, 2006 मध्ये त्याला ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मला ते हवं होतं. दुकानात जागा नाही आणि वरच्या सोसायटीने वासाच्या भीतीने गच्ची दिली नाही. त्यांनी माझ्याकडचं जेवण मात्र बंद केलेलं नाही.

म्हणून माझं त्या दुकानदार मंडळींना म्हणणं आहे की यंदाची झाडांची वर्गणी ठेवा बाजूला. आपल्या गल्लीत सात-आठ खाण्याची दुकानं आहेत, मागे एक पडीक कोपरा आहे. सगळ्यांत मिळून एक संयंत्र बसवू, गॅस चहावाल्याला देऊ. खत टेकडीवरच्या आळ्यांत टाका हवं तर. फोनवर हे सांगितलं तर "पुढच्या मीटिंगला विषय घेऊ" म्हणाले. मीटिंग दिवाळीनंतर आहे.

ता.क. माझे तीन खणांचे नऊ डबे अजून बाहेर आहेत. यातले दोघे-तिघे ही पोस्ट नक्की वाचतायत. डिपॉझिट काढून ठेवलंय, डबा घासून आणलात तर एक पुरणपोळी वर.