छोटा टॅब म्हणजे पैसे पाण्यात? मुळीच नाही

शाळा सुरू व्हायच्या सुमारास सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो : ‘आठ-साडेआठ इंची टॅब घेऊ नका. मोबाईलपेक्षा दोनच इंच मोठा, स्क्रीन हलक्या प्रतीची, पोरांचे डोळे जातात, आणि त्याच पैशात झकास मोबाईल येतो.’ हे वाचून दहावीच्या पोरांना मोबाईलवरच पुस्तकं वाचायला लावणारी घरं आहेत, म्हणून हे लिहितोय.

‘दोनच इंच’ ही सगळ्यात मोठी दिशाभूल. स्क्रीनचे इंच मोजतात ते तिरपे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हल्लीचे मोबाईल उंच आणि चिंचोळे. ६.७ इंची मोबाईलची स्क्रीन जेमतेम पावणेतीन इंच रुंद असते, ८.७ इंची टॅबची जवळपास साडेचार. क्षेत्रफळ काढा : मोबाईल सुमारे १७ चौरस इंच, टॅब ३३. जवळजवळ दुप्पट!

आता ई-बालभारतीवरून फुकट मिळणारी गणिताची पीडीएफ उघडा. ए-४ आकाराचं पान धरलं, तर मोबाईलवर ते रुंदीत एक तृतीयांश होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप). घातांक तर दिसतच नाही. मग बोटांनी मोठं करायचं, डावीकडे सरकवायचं, ओळीचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात विसरायची. टॅबवर तेच अक्षर साडेसहा पॉइंटचं होतं. टॅब आडवा धरला की पावणेअकरा. एका वेळी अर्धं पान दिसतं, पण ओळ पूर्ण दिसते, आणि अभ्यासाला तेच लागतं.

‘स्क्रीन हलक्या प्रतीची’ यात मात्र तथ्य आहे. स्क्रीनवरचे ठिपके जितके दाट, तितकं अक्षर स्पष्ट. स्वस्त टॅबवर बहुधा १३४० गुणिले ८०० ठिपके असतात, म्हणजे इंचाला १८० च्या आसपास. बऱ्याच मोबाईलवर याच्या दुपटीहून जास्त. इंग्रजी अक्षर तेवढ्यात निभावतं. आपल्या ‘राष्ट्र’मधलं जोडाक्षर किंवा रफारावरचा अनुस्वार उभ्या पानात गिचमिड होतो. आडव्या पानात तो सुटा होतो. म्हणून विश्रामबागेत असो की गणपती पेठेत, दुकानातल्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका. चमचमता व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर छान दिसतो. आपली पीडीएफ सोबत न्या, मांडणीतल्या टॅबवर उघडा, हातभर लांब धरून मोठ्यानं वाचून बघा. अडखळलात तर तो टॅब तिथंच ठेवा.

डोळ्यांचं म्हणाल, तर बारीक अक्षर वाचायला पोरं मोबाईल नाकाशी धरतात. टॅब लांब धरता येतो. वेळेवर बंधन दोन्हीकडे हवंच.

राहिली किंमत. घरात चालता मोबाईल असेल, तर त्याच्या हॉटस्पॉटवर फक्त वायफायचा टॅब चालतो. सिमवाल्या मॉडेलला जादा पैसे घालायची गरज नाही. बारा-तेरा हजारांत वाचायचं काम भागतं. घरात मोबाईलच नसेल, तर आधी मोबाईल घ्या, तिथं मेसेजचं म्हणणं बरोबर आहे. आणि सवलतीत जुनं मॉडेल गळ्यात मारत असतील, तर सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.