आधी पेपर टाका, मग नोकरी शोधा? कृपा करून असं करू नका

‘गुपचूप नोकरी शोधू नका. नव्या कंपनीचा एचआर थेट तुमच्या साहेबाला फोन लावतो, मग इथली जाते आणि तिथलीही मिळत नाही. आधी पेपर टाका, म्हणजे राजीनामा द्या.’ पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा सल्ला फिरत असतो. सोबत तीन तोडगेही असतात: फॉर्मवर ‘सध्याच्या कंपनीशी संपर्क नको’ असं लिहू नका, रेफरन्ससाठी, म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगायला, मित्राला मॅनेजर म्हणून उभा करा आणि गैरसोयीची जुनी नोकरी गाळून टाका. भरतीच्या कामात असल्यामुळे मला हा सल्ला वाचून काळजी वाटते. घराचा हप्ता चालू असताना माणसं नुसत्या भीतीने राजीनामा देऊन मोकळी होतात.

मुळात तो फोन सहसा कधी होतो? उमेदवाराने दिलेल्या माहितीची पडताळणी (बीजीव्ही) बहुतेक मोठ्या कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. शिक्षण, पत्ता आणि आधीच्या नोकऱ्या हे बहुधा आधी तपासलं जातं. सध्याची नोकरी मात्र रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, हातात आल्यावर, अनेकदा रुजू झाल्यानंतर तपासतात. तोवर पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (कंपनीने कापलेल्या कराचा दाखला) आणि पीएफची नोंद यांवर काम भागतं. हातातली नोकरी घालवून उमेदवाराला अडचणीत आणण्यात नव्या कंपनीचाही काही फायदा नसतो.

म्हणूनच ‘संपर्क नको’ लिहिलं की संशय येतो, हेही खरं नाही. बहुतेक फॉर्मवर हा प्रश्न वेगळा विचारलेला असतो, कारण नोकरीत असलेला उमेदवार ‘नाही’ म्हणणार हे गृहीतच असतं. फक्त ते मोघम ठेवू नका. ‘राजीनामा स्वीकारला गेल्यानंतर जरूर संपर्क करा’ असं लिहा आणि एचआरला तेच मेलवरही कळवा.

भीतीला आधार अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. बातमी फुटते, पण ती बहुधा दुसऱ्याच वाटेने. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत किंवा नाशिकच्या सातपूरला प्लांट हेड एकमेकांना ओळखतात आणि ‘तुमच्याकडचा एक जण आलाय, कसा आहे?’ असा खासगी फोन होऊ शकतो. त्याला कुठलाही फॉर्म अडवत नाही. म्हणून अशा ठिकाणी पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगा: ‘सर, मी अजून नोकरीत आहे, तिथे कुणालाही विचारू नका.’ दुसरी वाट नोकरी मिळवून देणाऱ्या कन्सल्टंटची. तुम्हाला न विचारता तो बायोडेटा कुठेही पाठवू शकतो, अगदी तुमच्याच ग्रुपच्या कंपनीतसुद्धा. प्रत्येक कंपनीचं नाव आधी विचारूनच होकार द्या. नोकरी डॉट कॉमवर आपली कंपनी ब्लॉक करता येते. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय) ही खूण फक्त रिक्रूटरांना दिसेल असं ठेवता येतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी खुद्द लिंक्डइनही देत नाही. तुमच्या क्षेत्रात सगळेच ओळखीचे असतील, तर ते बंदच ठेवा.

मित्राला मॅनेजर म्हणून उभा करण्याचा तोडगा सगळ्यात घातक. एजन्सी कंपनीचा ईमेल मागते, कंपनीच्या बोर्डावर फोन लावते, पद ताडून पाहते. खोटं सापडलं तर ऑफर जाते, रुजू झाल्यावर सापडलं तर नोकरी जाते. खरा रेफरन्स शोधणं इतकं अवघड नाही. तुमची कंपनी सोडून गेलेला जुना मॅनेजर किंवा आधीच्या कंपनीतला टीम लीड चालतो. त्यांना आधी फोन करा, कोणत्या कामासाठी अर्ज केलाय ते सांगा आणि नंबर द्यायची परवानगी घ्या.

जुनी नोकरी गाळणंही चालत नाही. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच पीएफ क्रमांक, आल्यापासून पीएफ कापणाऱ्या प्रत्येक कंपनीत तुम्ही कधी लागलात आणि कधी सोडलंत हे एकाच ठिकाणी दिसतं. टीडीएस कापणाऱ्या कंपनीचं नाव फॉर्म २६एएसमध्येही, म्हणजे तुमच्या नावावरच्या कराच्या उताऱ्यातही, येतं. चार महिन्यांची नोकरी असेल तर ती दाखवा आणि का सोडली ते दोन वाक्यांत सांगा. उलट एक गोष्ट आजच पाहा: जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का? भरली नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं. शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिने उलटले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतःला भरता येते.

आधी पेपर टाकण्यामागचं खरं कारण वेगळंच आहे: नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड. ‘इमिजिएट जॉइनर’, म्हणजे लगेच रुजू होणारा, मागणाऱ्या कंपन्यांमुळे माणूस हतबल होतो, हे मला मान्य आहे. तरीही लेखी ऑफर येईपर्यंत थांबा. ऑफरमध्ये ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट असते, ती वाचा आणि एचआरला विचारा, की राजीनाम्याआधी पडताळणीचा किती भाग पूर्ण होईल. शिक्षणाची आणि जुन्या नोकऱ्यांची तपासणी आधी उरकून घ्या, असं मागता येतं. नोटीस बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटका) मिळेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. उत्तर लेखी आलं, की मगच साहेबाच्या केबिनमध्ये जा.