पारावर ज्यांना जागा नव्हती

समाजमाध्यमांवरची मैत्री पोकळ आणि प्रत्यक्ष भेटीतली तेवढी खरी, असे माझ्या वयाची माणसे सहज बोलून जातात. बोलणारे बहुतेक पुरुष असतात आणि दाखल्यासाठी त्यांना गावचा पार आठवतो. मी अंबाजोगाईजवळच्या खेड्यात वाढले. आमच्या पारावर बसण्याची मुलींना मुभा नव्हती आणि पुरुषांतही वर कोण बसणार, खाली कोण उभे राहणार हे आडनावावरून ठरत असे. नवखा माणूस दिसला की 'कोण्या गावचे, कोणाचे?' एवढे विचारून जवळीक किती ठेवायची याचा हिशेब होई.

माझ्या मैत्रिणी म्हणजे शेजारणी, जावा आणि हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका. दवाखान्यात उशाशी बसायला आजही त्याच येतात, हे मान्य. पण त्यांतली एकही मी निवडलेली नव्हती. (त्यांनी तरी मला कुठे निवडले होते!) निवडीची संधी मला फेसबुकने दिली, तीही पन्नाशीनंतर. येथे ५,००० मित्र जोडता येतात. माणसाला साधारण १५० नातीच सांभाळता येतात आणि त्यांत जिवाभावाची जेमतेम ५ असतात, असे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी मांडले आहे. मला एकच मिळाली.

ती नांदेडची. जात्यावरच्या ओव्यांवरून ओळख झाली. तिने आजीच्या ओव्या लिहून पाठवाव्यात, मी आईच्या, आणि मग एखाद्या शब्दावरून आम्ही रात्री अकरापर्यंत वाद घालावा, असे सात वर्षे चालले. खटकत एवढेच होते की, मी आवाजी संदेश पाठवला तरी उत्तर नेहमी लेखीच येई आणि फोन तर ती कधी उचलतच नसे. मला तो शिष्टपणा वाटे.

गेल्या मार्गशीर्षात ती योगेश्वरीच्या दर्शनाला आली आणि माझ्याकडे उतरली. मी बोलू लागले की तिची नजर माझ्या ओठांवर खिळे. सुनेने मागून दोनदा हाक मारली, तरी तिने वळून पाहिले नाही. मग कानामागचे यंत्र दिसले. मी गप्प झालेली पाहून तीच म्हणाली, "लिहिताना कुठं कमी ऐकू येतंय बाई? म्हणून सांगायचं ध्यानातच आलं नाही."

पडद्याआड माणसे स्वतःला लपवतात, असा आरोप नेहमी होतो. तिने काहीच लपवले नव्हते. आमच्या मैत्रीत तिच्या ऐकण्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता. उलट प्रत्यक्ष भेटीत अर्ध्या तासाच्या आत माझा आवाज चढला, शब्द सोपे झाले, आणि जिच्याशी मी सात वर्षे हिरिरीने भांडले तिला त्या दुपारी एकदाही खोडून काढले नाही. समोर बसलेल्या माणसाला आपण किती पटकन बिचारे करून टाकतो!

रात्री भाकरी थापता थापता तिने आजीची एक ओवी म्हटली. ती मला लिखित रूपात पाठ होती, मात्र तिसऱ्या चरणाशी तिने जो दम घेतला तेथे मी वाचताना कधीच थांबले नव्हते. मी म्हणाले, "चुकलीस, इथं थांबत नाहीत." तिने माझे ओठ वाचले, पीठ लागलेला हात कमरेवर ठेवला, आणि आमचा वाद अकरापर्यंत चालला.