उद्घाटकांची नावं ठळक, इतिहास गायब

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आमच्या बागेत परत नवा फलक लागलाय. उद्घाटकांची नावं वीतभर अक्षरांत, आणि गडाविषयी फक्त 'ऐतिहासिक किल्ला'! अहो, १६९९-१७०० मध्ये औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला होता, प्रयागजी प्रभूंनी चार महिने गड झुंजवला. १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. ही चार वाक्यं लिहायला जागा नव्हती? जुना फलक उन्हानं पांढराफट्ट, त्यावर बोगनवेल चढलेली. मंगळाईच्या देवळाची वाट कुठली, साधा बाणसुद्धा नाही. बाहेरगावची पोरं शाळेच्या सहलीला येतात, 'फुले तोडू नयेत' एवढंच वाचून परत जातात. दरवेळी हेच. संताप होतो नुसता! पुढच्या फलकावर आधी गड लिहा, नावं खाली बारीक टाका.