स्वॅब दुसऱ्यांदा का मागितला? (एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर)

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की वडिलांचा फ्लूचा स्वॅब आम्ही 'इनव्हॅलिड' (म्हणजे ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह) ठरवला, त्यांना पुन्हा बोलावलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाकात काडी घातली, दीड दिवस लावला. आणि हे सगळं बिल वाढवायला. त्यांचा रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही, तो त्यांचा खासगी विषय आहे.

बिलाचं आधी सांगतो. दुसऱ्या टेस्टचा एक रुपयाही घेतलेला नाही, पावती बघा. रिव्ह्यूत तेवढं राहून गेलंय.

आता इनव्हॅलिडचं. आरटी-पीसीआर या टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या, आरएनएपासून (त्याच्या जनुकीय साहित्यापासून) आधी डीएनए तयार करतात आणि मग मशीन तो ४० सायकलपर्यंत, दर वेळी जवळपास दुप्पट, वाढवत नेतं. विषाणूच्या जीन्ससोबत आम्ही आरनेझ-पी नावाचा माणसाचाही एक जीन शोधतो. काडी नीट फिरली असेल तर तिच्यावर पेशंटच्या पेशी येतात आणि हा जीन दिसतो. पहिल्या सॅम्पलमध्ये विषाणू दिसला नाहीच, पण हा जीनही दिसला नाही. उरलेल्या सॅम्पलमधून आरएनए परत काढून टेस्ट पुन्हा लावली, तरी तेच. मग तुम्हाला फोन केला. वेळ गेला तो यात. विषाणू सापडला असता तर आरनेझ-पी नसतानाही पॉझिटिव्ह दिला असता. पण दोन्ही नसताना निगेटिव्ह लिहिणं म्हणजे भलत्याच घराचं दार वाजवून 'घरी कुणी नाही' असं सांगणं. खरं तर निगेटिव्ह लिहून टाकणंच आम्हाला सोपं होतं. किट वाचलं असतं आणि हा रिव्ह्यूही आला नसता!

पहिला स्वॅब क्लिनिकमधून आला होता. तिथल्या कुणाकडे बोट दाखवायचं नाही. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवलेल्या काडीवर कधी पुरेसं येतं, कधी नाही. आमच्या लॅबमधली स्वॅब घेणारी मुलगी काडी नाकाच्या पार मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत नेते. तिथे पोचली की डोळ्यांत पाणी येतंच.

"तुमच्यामुळे औषध लांबलं" हे मात्र मला मान्य नाही. ऑसेल्टामिवीर या फ्लूवरच्या औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत होतो, म्हणून सरकारी गाइडलाइनमध्ये वयाच्या ६५ च्या पुढच्या पेशंटला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करू शकतात. ॲडमिट करण्याइतका आजार नसेल तर त्या गाइडलाइनप्रमाणे टेस्टही लागत नाही. लॅबवाल्यानं हे सांगणं धंद्याच्या विरुद्ध आहे, पण आहे ते असं आहे.

आणि मेडिकलवाल्याकडचं फ्लूच्या टेस्टचं १५ मिनिटांचं रॅपिड कार्ड? ते पॉझिटिव्ह आलं तर बऱ्यापैकी भरवशाचं, पण निगेटिव्ह आलं म्हणून फ्लू नाही असं धरू नका. खरा फ्लू असलेले बरेच पेशंट त्यातून सुटतात.

पार्किंगबद्दल लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आपण वडोदऱ्याच्या गजबजलेल्या रावपुऱ्यात आहोत.

दोन्ही स्वॅबच्या टेस्टचे मशीनवरचे ग्राफ जपून ठेवलेत. वडिलांची परवानगी घेऊन या, काउंटरवर माझं नाव सांगा, स्क्रीनवर दाखवतो. डॉक्टरांना हवे असतील तर त्यांनाही पाठवतो.

– लॅबचे मालक, वडोदरा