नुसती फाशी मागून त्या पोरीचं काय होणार?

मागच्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने क्लिप टाकली, खाली लिहिलं होतं 'या नराधमाला पकडून द्या, जास्तीत जास्त शेअर करा'. मी स्टुटगार्टला असतो, ट्रेनमध्ये फोन उघडला आणि हातपाय गार पडले, कारण त्यात लहान मुलगी होती. ग्रुपवरचे सगळे आता आईबाप झालेले, आणि खाली मेसेज काय तर 'फाशी द्या', 'चौकात गोळ्या घाला'. आधी ती क्लिप काढ रे, असं तासभर कुणीच बोललं नाही.

राग मलाही आला. पण पाठवणाऱ्याने केलं काय, तर त्या पोरीवरचा अत्याचार अजून दीडशे फोनमध्ये नेऊन ठेवला. ऑटो डाउनलोड चालू असेल तर गॅलरीतसुद्धा.

सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रास हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि स्पष्ट सांगितलं की असलं काही बघणं, साठवणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो. त्याला चाइल्ड पॉर्नोग्राफी म्हणू नका, तो शोषणाचा पुरावा आहे, हेही त्याच निकालात आहे आणि मला ते फार पटलं. आयटी कायद्याच्या ६७ब खाली पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे कायदा कडक आहेच की! आपण मात्र अजून वाढवा, अजून वाढवा करत बसतो.

इथे जर्मनीत तेच केलं. २०२१ मध्ये असला मजकूर नुसता जवळ ठेवला तरी किमान एक वर्ष कैद केली, आणि मग झालं असं की मुलांच्या फोनवर काहीतरी सापडलं म्हणून ते दुसऱ्या पालकांना दाखवणारे आईबाप, शिक्षक हेच आरोपी व्हायला लागले, आणि किमान शिक्षाच एवढी की सरकारी वकिलाला वाटलं तरी केस सोडता येईना. शेवटी जून २०२४ पासून किमान शिक्षा कमी केली, पसरवण्याला सहा महिने, बाळगण्याला तीन. पसरवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची कमाल शिक्षा मात्र तशीच ठेवली. मला हा शहाणपणा वाटतो, ढिलाई नाही.

आपल्या पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १५ मध्ये डिलीट करा, नष्ट करा नाहीतर कळवा असं लिहिलेलंच आहे. पण कळवायचं कुठे हे शाळेत, सोसायटीत कोण सांगतं? राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, हे ग्रुपवर लिहिलं तर तिघांनी विचारलं 'खरंच?', त्यातली एक तर स्वतः शिक्षिका आहे.

क्लिप टाकणाऱ्याला मी फोन केला. तो वाईट माणूस नाही, त्याला दोन मुली आहेत. म्हणाला, 'अरे मी तर मदत म्हणून टाकलं.' मग त्याने ती काढली, पण तोवर ती अजून चार ग्रुपवर गेली होती.